आईच्या नावावर खपलेलं पुस्तक

(अंबाजोगाईत तरुण लेखक-कार्यकर्त्यांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या पत्रकावर माझ्या नावाआधी 'यशस्वी कथाकार' असं छापलंय. ते पत्रक मी घरी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "यशस्वी म्हंजे महिन्याला किती?" बाई शाळा शिकली नाही, पण प्रश्न बिनतोड आहे. तेव्हा आधी हिशोब देतो, मग बोलतो.

आज समजा तुमचा कथासंग्रह निघाला. किंमत दोनशे रुपये. प्रती तीनशे. लेखकाला दहा टक्के म्हणजे प्रतीमागं वीस रुपये. सगळ्या प्रती खपल्या आणि प्रकाशक इमानदार निघाला, तर सहा हजार रुपये. लिहायला तीन वर्षं लागली असतील तर सालाला दोन हजार. झालं तुमचं करिअर.

मुंबई-पुण्याहून आलेल्या पोरांसाठी सांगतो. या बीड जिल्ह्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. दसरा झाला की मुकादम उचल देतो, आणि कोयते टोळीनं सांगली-कोल्हापूरकडं ऊस तोडायला जातात. कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी घालून पाच-सहा महिने राहतात. उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला. मुकादम रक्त पितो, पण आधी उचल तरी देतो. कथाकाराला तीही कुणी देत नाही. तरी लिहायचं असेल तर पुढं ऐका.

ही अंबाजोगाई मराठीचं माहेर म्हणतात. मुकुंदराज इथले, दासोपंत इथले. दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला, ती पासोडी गावानं जपून ठेवलीय. चांगलंच आहे. मी कॉलेजात असताना ती बघितली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं : एवढं कापड! माझ्या आईच्या लुगड्याला तेव्हा बारा गाठी होत्या. लिहायला आधी कापड लागतं, कागद लागतो, रॉकेल लागतं, आणि पोटात काहीतरी लागतं. प्रतिभा बिरतिभा नंतर.

माझा जन्म केज तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. खडी फोडली, सुकडी खाल्ली. त्याच साली आई-बापानं पहिल्यांदा कोयता धरला. मी म्हाताऱ्या आजीपाशी राहून शाळा केली. सुट्टीत टोळीवर जायचो आणि मोळ्या वाहायचो. रात्री कोपीसमोर बाया बोलायच्या. त्या बोलण्यातून मला पहिली कथा मिळाली, शाळेतून नाही.

१९७७ साली ती कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. साभार परत. सोबत चिठ्ठी : अनुभव वेगळा आहे, पण भाषा वाचकांना कळणार नाही, शब्दांचा कोश जोडावा. कोपी, वाढं, पाचट, मोळी, यातलं काय कळत नाही? ज्याची साखर तुम्ही चहात घालता त्याचे शब्द कळत नाहीत म्हणता! मी कोश जोडला नाही. ती कथा १९७९ साली आपल्या पोरांनी काढलेल्या एका सायक्लोस्टाईल अंकात आली. शाई पसरलेली, शेवटची चार वाक्यं उडालेली. मानधन शून्य. पण त्या वेळच्या औरंगाबादच्या एका वसतिगृहात पोरांनी ती मोठ्यानं वाचली, असं पत्र आलं. ते पत्र माझ्याजवळ आहे.

तो काळच वेगळा होता. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षं. त्या सोळा वर्षांत इथं लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, आपली कथा म्हणजे दगड आहे आणि तो नेमका बसला पाहिजे. आम्ही पानतावणे सरांचं 'अस्मितादर्श' हातोहात फिरवायचो. बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चं. त्याची एक प्रत आमच्यातल्या अकरा जणांनी वाचली. पुस्तकाची पानं सुटी झाली होती, ज्याला जे पान मिळेल ते तो आधी वाचायचा.

बागुलांनी त्या कथेत 'मी' म्हटलं. त्यांना कुणी विचारलं नाही की हे तुमच्याच आयुष्यात अमुक तारखेला घडलं का, पुरावा दाखवा. कथा होती. कथेतला 'मी' हा हजारांचा 'मी' असतो. हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा घोटाळा इथंच झाला.

१९८४ साली मी भविष्य निर्वाह निधीतून चार हजार काढले आणि पहिला संग्रह स्वतः छापला. मी एका कचेरीत कारकून होतो. पाचशे प्रती, किंमत बारा रुपये. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो आणि चादर अंथरून बसलो. एकतीस प्रती खपल्या. एका म्हातारबाबानं विचारलं, "यात बाबासायेबाचा फोटू हाय का?" मी म्हणालो, नाही. तरी त्यानं बारा रुपये दिले आणि म्हणाला, "आपल्या पोरानं लिवलंय, बास." ते बारा रुपये मला आजवरच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा जड वाटतात. बाकी गठ्ठे खाटेखाली गेले आणि वाळवीनं मन लावून वाचले.

आता उतार सांगितला, चढ सांगतो. चढच खरा वाईट होता.

१९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं. १९७९ ला सोनकांबळे सरांचं 'आठवणींचे पक्षी'. १९८० ला 'उपरा', १९८४ ला 'अक्करमाशी', १९८६ ला बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं', १९८७ ला 'उचल्या'. मराठी साहित्याची जमीन हादरली. ही पुस्तकं नसती तर मी नसतो, हे आधी सांगतो, नाहीतर उद्या तुमच्यातलाच कुणी लिहील की हा म्हातारा आत्मकथनांवर घसरला. माझा राग पुस्तकांवर नाही, बाजारावर आहे. बाजारानं त्यातून एक सोयीचा धडा घेतला : दलितानं एकदाच लिहायचं, स्वतःचं लिहायचं, रडून दाखवायचं आणि घरी जायचं. कल्पना करायचं काम दुसऱ्यांचं. त्यांनी आकाशातला राजवाडा लिहिला तर ती प्रतिभा. आपण शेजारच्या कोपीतल्या बाईचं मन लिहिलं तर विचारणार, हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं का?

आणि गंमत बघा. 'बलुतं' सुद्धा सरळ 'मी असा, मी तसा' म्हणत नाही. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. एकाच माणसाचे दोन केलेत. ही कथाकाराची युक्ती आहे! ती बाजाराला दिसली नाही.

मी तेव्हा एक कादंबरी लिहीत होतो. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई, तिला मी शेवंता नाव दिलं होतं. एका रात्री मुकादम तिच्या कोपीत शिरतो. नवरा बाहेर बसून विडी ओढतो, कारण उचल फिटलेली नाही. तो प्रसंग खरा होता. आमच्या टोळीतल्या एका बाईवर गुदरला होता. मी तेव्हा सतरा वर्षांचा, पलीकडच्या कोपीत जागा होतो. कुणी काही केलं नाही. मीसुद्धा.

कादंबरी तीन ठिकाणी फिरली. एकानं कळवलं, हा प्रसंग बटबटीत आहे, कल्पनारंजित आहे. मग १९९१ साली एका शहरातल्या प्रकाशकानं भेटायला बोलावलं. चहा दिला. म्हणाला, "अहो, कादंबरी नका देऊ. आत्मकथन करा. मजकूर हाच. फक्त शेवंताच्या जागी आई घाला. वाचकाला आई हवी असते."

दोस्तांनो, मी तिथून उठून आलो, असं तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी उठलो नाही. चहा संपवला. घरी येऊन एका महिन्यात शेवंता खोडली आणि 'माझी आई' लिहिलं. १९९३ ला पुस्तक आलं.

काय खपलं म्हणता! सहा वर्षांत तीन आवृत्त्या, तीन हजार प्रती. किंमत साठ, मला प्रतीमागं सहा. अठरा हजार रुपये. पुरस्कार, हार, शाल, स्टेजवर खुर्ची. परीक्षणात लिहून आलं की कोपीतला प्रसंग हा पुस्तकातला सर्वांत अस्सल अनुभव आहे. जो प्रसंग शेवंताच्या नावानं कल्पनारंजित होता, तोच आईच्या नावानं अस्सल झाला. शब्द तेच, स्वल्पविराम तेच.

त्या पैशातून मी गावच्या घरावर नवे पत्रे टाकले. आईला वाचता येत नव्हतं. मला वाटलं, तिला कधी कळणार नाही. आपल्या निरक्षर माणसांविषयी आपण लेखक हे असं गृहीत धरतो, आणि वरून ब्राह्मणी व्यवस्थेला शिव्या देतो. गावातल्या एका शिकलेल्या पोरानं पारावर बसून पुस्तक वाचून दाखवलं. बायांनी ते आईपर्यंत नेलं.

मी पुढच्या सुट्टीत गेलो तर आई अंगणात गोधडी टाकून. थंडीचे दिवस. म्हणालो, आत चल. ती म्हणाली, "ह्या पत्र्याखाली मी निजणार न्हाई." मी म्हणालो, अगं, ते लिहिणं असतं, समाजाला कळावं म्हणून. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जिचं दुखणं व्हतं तिला पुसून टाकलंस. आन् मला मळवलंस. आसलं कसलं रं लिवनं?"

एवढंच. त्याच्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी शेकड्यानं परीक्षणं वाचली असतील, पण असलं परीक्षण माझ्या पुस्तकाचं कुणी केलं नाही. दोन वाक्यांत दोन गुन्हे दाखवले. एक, जिच्यावर खरं गुदरलं तिच्याकडून तिची गोष्टही मी काढून घेतली. दोन, जिच्यावर गुदरलं नाही तिची अब्रू मी बाजारात मांडली. मुकादमानं एक बाई नासवली होती. मी दोन.

१९९९ ला चौथ्या आवृत्तीचं पत्र आलं. मी एका वकील मित्राकडं गेलो. करारात मुदतच लिहिलेली नव्हती. मला वाटलं होतं, जन्माचं विकलं गेलं. तो म्हणाला, "येड्या, मुदत लिहिलेली नसली म्हणजे जन्माचं विकलं गेलं असं नाही. आवृत्ती थांबवता येईल." मी आवृत्ती थांबवली. आईला जाऊन सांगितलं, ते पुस्तक आता निघणार नाही. ती काही बोलली नाही. त्या पावसाळ्यात मात्र ती आत निजायला लागली. पावसामुळं की माझ्यामुळं, विचारायची हिंमत झाली नाही. २००२ ला ती गेली.

२००५ ला तेच लिखाण मी पुन्हा कादंबरी म्हणून छापलं. आई काढली, शेवंता परत आणली. पाचशे प्रती संपायला दहा वर्षं लागली. पुरस्कार नाही, स्टेज नाही. जे संपादक मला 'बंधू' म्हणायचे त्यांनी पोच सुद्धा दिली नाही. म्हणजे धंद्याच्या भाषेत माझं करिअर तिथं बुडालं. माझ्या भाषेत ते तिथं सुरू झालं. पण हे वाक्य म्हणायला सोपं आहे, कारण माझी पेन्शन चालू होती. म्हणून आता पोटाचं बोलतो.

आपल्या लेखकांची यादी बघा. दया पवार रेल्वेत नोकरीला. शरणकुमार लिंबाळे टेलिफोन ऑपरेटर होते. ऊर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात. शंकरराव खरात वकील. नोकरी केली म्हणून यांची धार गेली का? आणि ज्या माणसानं केवळ लेखणीवर जगायचं ठरवलं, तो अण्णा भाऊ साठे बघा. दीड दिवसाची शाळा, तीसच्या वर कादंबऱ्या. 'फकिरा'ला १९६१ चा राज्य शासनाचा पुरस्कार. त्याच साली रशियाची वारी, त्याच साली 'वैजयंता'वर सिनेमा. आणि मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. १८ जुलै १९६९ ला, वयाची पन्नाशीही न गाठता, हा माणूस हलाखीत गेला. २०२२ ला मॉस्कोत त्याचा पुतळा बसला. पुतळ्याला भाकर लागत नाही, म्हणून पुतळा परवडतो.

तेव्हा पोरांनो, पोरींनो, पोट भरायचं काम दुसरं धरा. त्यात लाज नाही. शिक्षक व्हा, नर्स व्हा, रिक्षा चालवा, कॉम्प्युटरवर बसा. ज्याचं पोट प्रकाशकाच्या हातात, त्याची शेवंता पण प्रकाशकाच्या हातात. मी नोकरीत असूनही विकलो गेलो, कारण मला नावाची भूक होती. म्हणजे नुसतं पोट भरून भागत नाही. पण उपाशीपोटी तर मुळीच भागत नाही.

दुसरं. करार वाचा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. हक्क देणं लेखी लागतं, सही लागते. मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. करारात वेगळं लिहिलेलं नसेल आणि प्रकाशकानं एक वर्षात तो हक्क वापरला नाही, तर तो तुमच्याकडं परत येतो. तुम्ही मेल्यावर साठ वर्षं तो तुमच्या वारसांचा. अण्णा भाऊंच्या लिखाणावरचा हक्क २०२९ सालच्या अखेरपर्यंत आहे. बाबासाहेबांनी आपल्याला कायदा शिकवला आणि आपण पुस्तकाच्या करारावर मुकादमाच्या कागदावर उठवावा तसा अंगठा उठवतो! पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान असतं. अर्ज करा. सरकारचा पैसा आपलाच आहे, तो मागायला लाजू नका आणि घेतल्यावर मिंधे होऊ नका.

तिसरं, आणि हेच सांगायला मी आलो. कल्पनेचा हक्क सोडू नका. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांच्या बातम्या देशभर गाजल्या. तोडीत खाडा पडू नये म्हणून बायांनी पिशव्या काढून टाकल्या. सरकारनं समिती नेमली. आकडे आले, अहवाल आला, कॅमेरे आले. कॅमेऱ्यानं प्रत्येक बाईला विचारलं : तुमचं नाव काय, तुमचं वय काय, तोंड इकडं करा. पुन्हा तेच. दुखणं सांगायचं असेल तर अब्रू आणि चेहरा आधी जमा करा. कथाकार ते मागत नाही. तो म्हणतो, बाई, तुझं नाव तुझ्याजवळ ठेव. मी एक शेवंता उभी करतो, तिच्या तोंडून तू बोल. आपल्या माणसांसाठी कथा ही चैन नाही. ती आडोसा आहे. आपल्याला रानात, रस्त्याच्या कडेला, वस्तीत कुठं आडोसा मिळाला? तो कागदावर तरी द्या.

याचा अर्थ काहीही ठोकून द्या असा नाही. कथेत नाव खोटं चालतं, बाकी एक अक्षर खोटं चालत नाही. शेवटी त्याचंच सांगतो आणि बसतो.

२००८ ला गावी गेलो होतो. ती बाई, जिच्यावर ते खरंच गुदरलं होतं, म्हातारी झाली होती. मी तिच्या दारात गेलो. कादंबरी जवळ होती. म्हणालो, मावशी, एक गोष्ट लिहिलीय, ऐकतीस का? तिनं सुनेला पाण्याला धाडलं. मी ते प्रकरण वाचलं. माझा आवाज फाटत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी लिहिलं होतं की त्या रात्री पाऊस होता, पाचट भिजलं होतं आणि पावलांचा आवाज आला नाही.

ती म्हणाली, "पाऊस नव्हता रं. पाचट वाळलेलं व्हतं. लई वाजत व्हतं. समद्यास्नी आईकू येत व्हतं."

मी पाऊस का लिहिला होता, ते मला त्या क्षणी कळलं. आवाज आला नाही असं लिहिलं की पलीकडच्या कोपीतला सतरा वर्षांचा पोरगा सुटतो.

दुसरी आवृत्ती निघाली नाही. उरलेल्या प्रतींत मी तो पाऊस पेनानं खोडला आणि वर 'वाळलेलं' असं लिहिलं. तुमच्यासाठी सात प्रती आणल्यात, मागं टेबलावर आहेत. किंमत छापलेलीच द्या, कमी देऊ नका.

जय भीम.